येरवड्यातील स्लिपा आणि गणेशखिंडीतील 'परम'

कला शाखेच्या विद्यार्थिनीने महासंगणकावर लेख लिहावा, हे पाहून विज्ञान शाखेतील मित्र गालांतल्या गालांत हसतील आणि आमच्याच विभागातील काहींच्या कपाळाला आठी पडेल. दोघांनाही एवढेच सांगते की, या लेखात एकही सूत्र नाही आणि यंत्र उघडून दाखविण्याचा आव तर मुळीच नाही. ज्याला समांतर संगणन म्हणतात, म्हणजे एक मोठे काम तोडून ते अनेक प्रोसेसरांकडून एकाच वेळी करून घेणे, ते मुळात कामाच्या वाटणीचे शास्त्र आहे. आणि कामाची वाटणी हा विषय काही विज्ञान शाखेने खंडाने घेतलेला नाही. पुण्यात या शास्त्राची दोन मोठी उदाहरणे नदीच्या दोन अंगांना उभी आहेत. एक यंत्राचे, एक कागदाचे. पहिल्याचा आपण अभिमान बाळगतो आणि दुसऱ्याची कीव करतो. ही कीव मला अस्थानी वाटते. आणि पहिल्यापासून जो धडा घ्यावयाचा, तो आपण भाषा-साहित्याची माणसे घेत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी कागदाचे उदाहरण. मी येरवड्यात राहते. येरवडा म्हटले की बाहेरगावच्या माणसाला तुरुंग आठवतो, नाहीतर मनोरुग्णालय, आणि मग तो एक ठरलेला विनोद करतो. (त्या विनोदात गेल्या दोन पिढ्यांत काहीही भर पडलेली नाही.) पण याच येरवड्यात डेक्कन कॉलेज आहे, हे पुष्कळ पुणेकरांनाही सांगावे लागते, 'डेक्कन' म्हटले की रिक्षा जिमखान्याकडे वळते. टिळक आणि आगरकर जेथे शिकले ते हे कॉलेज. १९३४ साली ते बंद पडले आणि १९३९ साली पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. त्या दगडी इमारतीच्या आवारात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या एका कोशाचे काम सुरू केले. प्रत्येक शब्द प्रथम कोठे आढळतो, पुढे त्याचा अर्थ कसकसा बदलत गेला, हे कालक्रमाने दाखविणारा, ऐतिहासिक तत्त्वांवरचा हा कोश. ऋग्वेदापासून थेट एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ त्यासाठी निवडले. वेद, व्याकरण, न्याय, वैद्यक, नाट्य, शिल्प, असे बासष्ट विषय. सुमारे चाळीस विद्वानांनी हे ग्रंथ वाटून घेतले आणि १९७३ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, प्रत्येक शब्दाची, त्याच्या संदर्भाची एकेक स्लिप लिहिली. अशा सुमारे एक कोटी स्लिपा तीन हजारांवर लोखंडी खणांत वर्णानुक्रमे लावून ठेवलेल्या आहेत.

आता हे यंत्राच्या भाषेत मांडून पाहा. चाळीस प्रोसेसर, दीड हजार तुकडे. रघुवंश वाचणाऱ्याला चरकसंहिता वाचणाऱ्यासाठी थांबावे लागत नाही. दोघे एकमेकांशी अवाक्षरही न बोलता वर्षभर काम करू शकतात. शेवटी दोघांच्या स्लिपा एका खणात पडल्या म्हणजे झाले. समांतर संगणनावर काम करणाऱ्यांना अशी कामे फार आवडतात, कारण ती तोडायला सोपी आणि जोडायला सोपी. हात दुप्पट केले की वेळ निम्मा.

पण कोश म्हणजे स्लिपा नव्हेत. पहिला भाग १९७६ साली डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली निघाला. त्यानंतर गेली कित्येक वर्षे भागामागून भाग निघत आहेत. २०२२ पर्यंत पस्तीस भाग झाले होते आणि मजकूर अजून 'अ' या पहिल्या अक्षरातच होता. वर्तमानपत्रे दर काही वर्षांनी ही बातमी छापतात आणि वाचणारे हसतात. हसणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. संस्कृतात नकार 'अ' आणि 'अन्' लावून होतो, त्यामुळे निम्म्या भाषेची सावली या एका अक्षरात येऊन बसते. 'अ'वरून पुढल्या अक्षरांचा हिशोब काढणे बरोबर नाही. तरीही प्रश्न उरतोच. चाळीस जणांनी पंचवीस वर्षांत जे गोळा केले, ते लिहून काढायला एवढा काळ का लागावा?

या प्रश्नाचे उत्तर १९६७ साली जीन अ‍ॅमडाल नावाच्या अमेरिकन संगणक-अभियंत्याने देऊन ठेवले आहे, अर्थात कोशासाठी नव्हे. त्याचे म्हणणे समजायला आठवीचे गणित पुरते. समजा, एक काम एका माणसाला शंभर दिवसांचे आहे. त्यातले नव्वद दिवसांचे काम वाटून देता येते, पण दहा दिवसांचे काम एकानेच, एकामागून एक असे करावे लागते. दहा माणसे लावली तर वाटलेले काम नऊ दिवसांत होईल. त्यात ते दहा मिळवा, एकोणीस दिवस. माणसे दहापट, वेग मात्र जेमतेम पाचपट. नव्वद माणसे लावा, अकरा दिवस. हजार लावा, लाख लावा. दहा दिवसांच्या खाली तुम्ही कधीही येणार नाही. न वाटता येणारा जो थोडासा भाग, तोच साऱ्या कामाचा वेग ठरवितो.

कोशात हा न वाटता येणारा भाग कोणता, हे सांगायला नकोच. एका शब्दाच्या पाचशे स्लिपा समोर पसरल्या आहेत. यांत अर्थ किती? तीन की सात? यज्ञातला अर्थ आधीचा की व्यवहारातला? टीकाकाराने लावलेला अर्थ मूळ ग्रंथकाराचा मानायचा की नाही? येथे एका डोक्याने बसून साऱ्या पाचशे स्लिपा एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात. पाच जणांना शंभर-शंभर वाटून दिल्या तर पाच वेगळे शब्द तयार होतील.

आता नदीपलीकडे, गणेशखिंडीत जाऊ. १९८० नंतरच्या दशकात महासंगणक म्हणजे अमेरिकेचा 'क्रे', असे समीकरण होते. हवामानाच्या अंदाजासाठी एक क्रे दिल्लीला आला. त्याहून ताकदीचा यंत्रसंच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेस हवा होता, तो मात्र अमेरिकेने मिळू दिला नाही. तेव्हा १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. संस्थेचे पहिले संचालक डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. मुदत तीन वर्षांची. १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. तो मॉस्कोसारख्या ठिकाणीही गेला. (निष्पक्षपणे हेही नोंदविले पाहिजे की, बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत 'फ्लोसॉल्व्हर' हा समांतर संगणक १९८६ सालीच चालू झाला होता. पुणेकरांना सर्व गोष्टी पुण्यातच प्रथम झाल्या असे वाटते, म्हणून लिहिले.)

'परम'ची कथा आपण नेहमी स्वाभिमानाची कथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेही. पण मला तिच्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. 'परम'मधला प्रोसेसर भारतात बनलेला नव्हता. तो ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीचा 'ट्रान्सप्युटर' होता, बाजारात मिळणारी एक चकती, एकेकटी घेतली तर क्रेपुढे किरकोळ. तिची खुबी एवढीच की, तिला चार दिशांना चार जोडण्या होत्या. शेजारच्या चार चकत्यांशी ती थेट बोलू शकत असे. अशा चौसष्ट चकत्या जोडल्या, पुढे त्याहून अधिक. म्हणजे सी-डॅकने खरे निर्माण काय केले? वस्तू विकतच्या होत्या. निर्माण केली ती वाटणी. कोणता तुकडा कोणाकडे द्यायचा, कोणी कोणाशी केव्हा बोलायचे, एकाचे उत्तर येईपर्यंत दुसऱ्याने हात जोडून बसू नये म्हणून काय करायचे, हे ठरविणारी आज्ञावली आणि ती लिहिणारी तरुण माणसे.

हवामानाचे उदाहरण घेतले तर हे चटकन पटेल. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०२४ साली 'अर्का' हा महासंगणक बसविला गेला. असे यंत्र आकाशाचे चौकोन पाडते आणि एकेका प्रोसेसरला काही चौकोन नेमून देते. पण वारा चौकोनांच्या रेघा मानीत नाही. येरवड्यावरचा ढग घटकाभराने लोहगावावर जातो. म्हणून हिशोबाच्या प्रत्येक पावलाला शेजाऱ्याने शेजाऱ्याला आपल्या सीमेवरचे आकडे कळवावे लागतात. ही कळवाकळव हळू झाली की सगळे खोळंबतात. ही कल्पना यंत्रे येण्याच्या पुष्कळ आधीची. १९२२ साली लुइस रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात एका प्रचंड गोल नाट्यगृहाचे चित्र रंगविले होते. भिंतींवर पृथ्वीचा नकाशा, चौसष्ट हजार माणसे आपापल्या भागाचे हवामान कागदावर मोजीत बसलेली, आणि मधोमध एका उंच खांबावर वाद्यवृंदाच्या नेत्याप्रमाणे एक प्रमुख उभा. जो भाग पुढे पळतो आहे त्याच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, जो मागे पडतो आहे त्याच्यावर निळा. चौसष्ट हजारांपैकी या एका माणसाकडे पाहा. तो स्वतः एकही बेरीज करीत नाही, पण त्याला काढून टाकले तर उरलेल्यांच्या बेरजा कवडीमोलाच्या.

कळवाकळवीचा हा प्रश्न किती खोल जातो याचे एक सुंदर उदाहरण आपल्याच माणसाचे आहे. नरेंद्र करमरकर हे ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातले, मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेले, १९८४ सालच्या त्यांच्या गणनपद्धतीमुळे जगभर नाव झालेले. १९९१ साली त्यांनी समांतर संगणकाची जोडणी प्रक्षेपीय भूमितीवरून करण्याची कल्पना मांडली. त्या भूमितीतील सर्वांत छोटा नमुना असा: सात माणसे घ्या, त्यांचे तीन-तीन जणांचे सात गट असे पाडा की, कोणतीही दोन माणसे नेमक्या एकाच गटात एकत्र यावीत. करून पाहा, तासिकेत कंटाळा आला असता करण्याजोगी गोष्ट आहे. अशी मांडणी जमली की कोणालाही कोणाशी बोलायचे तर कोठे भेटायचे हे आधीच ठरलेले असते. वादही नाही, गर्दीही नाही. पुढे पुण्यात टाटांच्या संगणन प्रयोगशाळेचे काम करमरकरांनी पाहिले आणि २००७ च्या नोव्हेंबरात तेथला 'एका' हा महासंगणक जगातील यादीत चौथा आला. चौदा हजारांहून अधिक गणनकेंद्रे असलेल्या यंत्राला 'एक' हे नाव देणाऱ्याच्या रसिकतेला दाद दिली पाहिजे.

एवढे सगळे सांगितले ते कशासाठी? गेल्या वर्षी आमच्या मराठी विभागाने एक चांगला उपक्रम केला. आम्ही तीस जणांनी येरवड्यातील वस्त्यांतून बोलीतले शब्द जमविले. नागपूर चाळ, लक्ष्मीनगर, गाडीतळ असे भाग वाटून घेतले. येरवड्यात मराठवाड्यातून, सोलापुराकडून, आंध्राच्या सीमेवरून कामासाठी आलेली कुटुंबे पुष्कळ, त्यामुळे शब्द भरपूर मिळाले. तीन आठवड्यांत चार वह्या भरल्या. मग कळले की 'यंदा' या अर्थाचा एकच शब्द औंदा, अवंदा, आवंदा, औदा असा चार ठिकाणी चार प्रकारांनी नोंदला गेला आहे. कोणी बोलणाऱ्याचे मूळ गाव लिहिले आहे, कोणी लिहिलेले नाही. आणि हा चार उच्चारांचा भेद आहे की चार विद्यार्थ्यांच्या कानांचा, हे ठरविणारी व्यक्ती एकच, आमच्या बाई. जमवायला तीन आठवडे लागले, जुळवायला दोन सत्रे पुरली नाहीत. बाई रोज चार वाजता शिकवणे संपवून वह्या घेऊन बसतात. एवढे असून नवीन वर्षाच्या बैठकीत सूचना काय आली? यंदा तीसऐवजी साठ विद्यार्थी घ्यावेत!

अ‍ॅमडालला हे कळते तर त्याने कपाळावर हात मारून घेतला असता. साठ विद्यार्थी घेतल्याने बाईंच्या टेबलावर चारऐवजी आठ वह्या येतील, यापलीकडे काहीही होणार नाही.

दुसरी सूचना माझ्या एका हुशार मित्राची. तो म्हणतो, कशाला एवढा त्रास? सगळे संगणकाला द्या, डेक्कन कॉलेजच्या स्लिपाही द्या, वर्षात कोश तयार. याचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. शोधणे, लावणे, मोजणे, एकाच शब्दाच्या विखुरलेल्या नोंदी क्षणात समोर आणणे, हे यंत्राने करावे आणि ते त्याने केलेच पाहिजे. त्यासाठी विद्वानाचे डोळे झिजवणे हा अपव्यय आहे. देवनागरीला संगणकात नीट बसविण्याचे मोठे काम, श्री. मोहन तांबे यांनी कानपूरला आरंभिलेले, पुढे याच सी-डॅकमध्ये वाढले, हेही आपण विसरू नये. अलीकडे यंत्रे अर्थही लावून दाखवितात. पण तो अर्थ बरोबर की चूक, हे शेवटी त्या पाचशे स्लिपा वाचलेल्या माणसालाच सांगावे लागते. म्हणजे मान मोडून बसणारा तो एक माणूस तेथेच राहिला. फक्त त्याच्या टेबलावरचा ढीग वाढला.

मग उपाय काय? मला वाटते तो लंडन-ऑक्सफर्डच्या कोशकारांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिला आहे. जेम्स मरे यांच्या इंग्रजी कोशालाही हजारो वाचकांनी लाखो स्लिपा पाठविल्या. पहिला भाग १८८४ साली निघाला आणि हे एका जन्मात होणे नाही, हे लवकरच दिसू लागले. तेव्हा त्यांनी वाचक वाढविले नाहीत, संपादक वाढविले. हेन्री ब्रॅडली यांना १८८८ च्या सुमारास स्वतंत्र अक्षरे देण्यात आली, पुढे क्रेगी, मग अनियन्स. चार संपादक, चौघांची वेगवेगळी अक्षरे, नियम एकच. मरे १९१५ साली वारले, कोश १९२८ साली पुरा झाला. एका शब्दाच्या पाचशे स्लिपा पाच जणांत वाटता येत नाहीत, हे खरे. पण 'क'चा संपादक 'प'च्या संपादकासाठी अडून राहत नाही. न वाटता येणारा भाग म्हणून आपण ज्याला हात जोडतो, त्यातला पुष्कळसा भाग नीट पाहिले तर वाटता येतो. समांतर संगणनातले खरे संशोधन ते हेच: जे एकापाठोपाठ एक करावे लागते असे सर्वांना वाटते, त्याची वेगळी फोड करून दाखविणे. यंत्रे विकत घेणे हा त्याचा सोपा भाग.

यावर आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. संपादक असे बाजारात मिळतात का? ट्रान्सप्युटर विकत आणता आले. वेद, न्याय आणि वैद्यक या तिन्हींतले वाक्य वाचून अर्थ सांगू शकेल असा माणूस कोणत्या कंपनीकडून मागवायचा? तो घडवावा लागतो, आणि जुन्या संपादकाच्या शेजारी बसूनच घडतो. म्हणजे सुरुवातीची काही वर्षे काम उलट मंदावेल, कारण जुना संपादक शिकविण्यात गुंतेल. मला हा आक्षेप मान्य आहे. किंबहुना म्हणूनच मी हे आज लिहीत आहे. २०१५ साली सरकारने राष्ट्रीय महासंगणन मोहिमेसाठी साडेचार हजार कोटी रुपये मंजूर केले. त्याविषयी माझी तक्रार नाही. पाऊस कळायला हवा, औषधे शोधायला हवीत. पण त्यातल्या एका कणाएवढी रक्कम पंधरा-वीस तरुण कोशकार घडविण्यावर सतत दहा वर्षे खर्च झाली, तर येरवड्यातील खणांचे काय होईल याचा विचार कोणी करतो का? चाळीस विद्वानांनी काम आरंभिले. अलीकडच्या बातम्यांत ही संख्या वीस-बावीस दिसते. यंत्रशाळेत प्रोसेसर निम्मे केले आणि वेग का मंदावला म्हणून हसत बसले, असे कोणी केल्याचे मी ऐकलेले नाही.

मोठ्या कोशाचे मोठ्यांनी पाहावे. आमच्या चार वह्यांपुरती माझी सूचना विभागापुढे ठेवलेली आहे, ती येथे पुन्हा लिहिते म्हणजे लेखी राहील. यंदा विद्यार्थी तीसच घ्यावेत. त्यांतील चोवीस जणांनी शब्द जमवावेत. सहा जणांनी पहिले सत्र बाईंजवळ बसून जुन्या वह्या जुळवायला शिकावे आणि दुसऱ्या सत्रात प्रत्येकाने आपापली अक्षरे सांभाळावीत. जेथे दोघांचे एकमत होणार नाही तेवढेच शब्द बाईंकडे जावेत. बोलणाऱ्याचे नाव नको, पण मूळ गाव, वय आणि येरवड्यात येऊन किती वर्षे झाली, एवढे प्रत्येक नोंदीत आलेच पाहिजे. ऱ्हस्व-दीर्घ कसे लिहायचे हे वस्तीत जाण्याच्या आधी ठरावे, नंतर नव्हे. जुळविणाऱ्या सहा जणांना जमविणाऱ्यांइतकेच गुण मिळावेत, कारण वस्तीत हिंडण्याची गंमत त्यांच्या वाट्याला येणार नाही. मी माझे नाव त्या सहांत दिले आहे. पाच जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी बाईंना बुधवारी चारनंतर भेटावे.